टोपलीला जागा देणारी गाडी

८ फेब्रुवारी २०२५, वरोर

गाडी आली. मी बोलले. रुपल म्हणते की मी इतका वेळ बोलले की नारळ फोडायला आलेल्या बाया खाली बसल्या. माझा विश्वास नाही. बसल्या असतील तर उन्हामुळे.

आमच्या मासळीवाल्या बायकांच्या मंडळाची, ज्याची मी अध्यक्ष, ही स्वतःची गाडी. तीन चाकांची, मागे माल ठेवायला हौदा, विजेवर चालणारी. रुपल, म्हणजे माझी भावजय, ती चालवणार. लायसन्स तिनं मागच्या पावसाळ्यातच काढलं. आजवर आमच्या टोपल्या रिक्षाच्या मागे दोरीनं बांधल्या गेल्या. सीटवर पाणी गळतं म्हणून बायकांना कोपऱ्यात कोंबलं गेलं, वास येतो म्हणून भर रस्त्यात उतरवलं गेलं. आशागडचा मनिष त्याच्या पेट्रोलच्या टेंपोतून माल न्यायचा, पण चिकूचा हंगाम आला की तो चिकूकडे पळायचा. चिकूला वास नसतो, आणि चिकू भांडतही नाही. आता ते संपलं. आता टोपली आधी बसेल, मग बाई बसेल आणि कोणी नाक मुरडणार नाही.

नवी होडी पाण्यात घालतात तशीच पूजा केली. हळद-कुंकू, हार, नारळ. मी भाषणात म्हणाले, ही आपली जमिनीवरची होडी आहे, हिला अंघोळ समुद्राचीच. टाळ्या पडल्या. पहिला कलश मी ओतला. मग मंडळातल्या जिवलीमावशीनं बादलीच घेतली आणि चाकांवर, पोटाखाली, सगळीकडे खारं पाणी मारलं. सत्तरीची बाई, पण हातात काय जोर.

मनिषच्या टेंपोला मी 'धूर ओकणारं भूत' म्हणाले. तो समोरच उभा राहून प्रसाद खात होता. खोबरं चावत म्हणाला, "ताई, भूत आहे पण ढकलावं लागत नाही." उत्तर द्यायला हवं होतं. पण तोवर बायका गाडीभोवती फोटो काढायला लागल्या.

११ फेब्रुवारी

गाडी उत्तम. वरोरहून डहाणूचा बाजार, तिथून आशागडचे पाडे आणि परत. एका चार्जिंगमध्ये आरामात. डहाणूच्या चढावर रुपलनं दोन रिक्षा मागे टाकल्या. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

तलासरीपर्यंत मात्र ती जाऊन परत येऊ शकत नाही. मंडळातल्या वेणूची कुरकुर सुरू झाली. तलासरीचे पाडे तिला तिच्या सासूकडून मिळालेत. आमच्याकडे पाडा म्हणजे दागिन्यासारखा, सासू सुनेला देते. तिथल्या बाया वेणूशिवाय दुसरीकडून सुके बोंबील घेत नाहीत, आणि वेणू चार दिवस दिसली नाही तर तिच्या घरची चौकशी करतात. मी तिला म्हणाले, धीर धर, तलासरीला चार्जिंग येईल. ती म्हणाली, "कोण आणील?" मी म्हणाले, आपण मागणी करू. ती म्हणाली, "तोवर बोंबील काय सरकारला विकू?"

दूरदृष्टी नाही.

संध्याकाळी मितेश, माझा धाकटा भाऊ, बोटीवरून आला. गाडीखाली वाकून बराच वेळ बघत होता. "ताई, ही बॅटरी..." असं काहीतरी सुरू केलं त्यानं. मी म्हटलं, तू आधी तुझ्या डिझेलच्या बोटीचं बघ. दहा वर्षांत किनाऱ्याजवळच्या होड्या विजेवर जातील, खोल पाण्यातल्या दोन्हींवर चालतील, तेव्हा तू काय करशील? तो म्हणाला, "लाटेवर प्लग लावीन." हसत हसत जेवायला गेला. बॅटरीचं राहिलंच.

१९ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी गाडी धुण्याचा नियम मी घालून दिला आहे. बर्फाचं पाणी, माशाचा चिकटा, खवले हौद्यात राहिले तर दुसऱ्या दिवशी वास येतो, आणि मग लोक पुन्हा तेच म्हणणार. नळाला पाणी कधी येतं, कधी नाही. आलं तरी ते प्यायला पुरवायचं. पण समुद्र दाराशी आहे. दोघी बादल्या आणतात, तिसरी झाडूनं घासते. आपण मासळी समुद्राच्या पाण्यात धुतो, जाळी धुतो, होडी धुतो. आता गाडी. ह्या दृश्यावर एक लेख लिहायला हवा.

२ मार्च

डॅशबोर्डवर तांबडा दिवा लुकलुकतो. रुपल म्हणते गाडी बंद करून चालू केली की जातो. शोरूमला फोन केला. "मॅडम, बघतो." चार वेळा बघतो. ज्या धंद्याचं भवितव्य ह्या गाडीवर आहे, त्याच धंद्यातली माणसं इतकी निवांत कशी? तेलवाल्यांनी ह्यांना झोपेच्या गोळ्या दिल्यात की काय?

६ मार्च

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

आशागडच्या पुढे गाडी उभी राहिली. मी आज मुद्दाम बरोबर होते. वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा होता. दिवा लाल, मग काळा, मग काहीच नाही. ऊन चढत होतं. हौद्यात कोलंबी आणि मांदेली, वर बर्फ, आणि खाली पाण्याची धार. रुपल किल्लीशी झुंजत होती. जिवलीमावशी टोपलीवर ओला गोणपाट टाकत म्हणाली, "बाय, बोल गो काहीतरी. तुझ्या बोलण्यानं माणसं उभी राहतात, गाडी चालेल कदाचित."

मनिषचं घर तिथून जवळ. तो टेंपो घेऊन आला. उतरून दोर काढला. त्याची बायको जयश्री घरातून पाण्याची कळशी घेऊन आली, आम्हाला पाजलं, उरलेलं गोणपाटावर ओतलं. मग आम्ही निघालो. पुढे पेट्रोलचा टेंपो, मागे दोरानं बांधलेली विजेची गाडी, आणि तिच्यात मी. डहाणूच्या बाजारातून. दुकानातून लोक बाहेर येऊन बघत होते. एकानं मोबाईल काढला. मी मान ताठ ठेवली. मान ताठ ठेवून दोरानं ओढलं जाणं ह्यापेक्षा हास्यास्पद काही नसतं, हे मला चौकातच कळलं.

अर्धी मासळी बाजारात मातीमोल गेली. उरलेली आम्ही वाटली.

८ मार्च

महिला दिनाचा मुहूर्त साधून शोरूमसमोर भाषण केलं. चांगलं झालं. मुंबईच्या मोटारींना एसीतली दुरुस्ती आणि कोळणीच्या गाडीला 'बघतो'? मी विचारलं. बाया टाळ्या वाजवत होत्या. मालकानं आम्हा सगळ्यांना चहा दिला, थंड सरबत दिलं, आणि मेकॅनिक पाठवतो म्हणाला. सरबतानं जनक्षोभ थंड करण्याची ही जुनी युक्ती आहे. मी प्यायले नाही. जिवलीमावशीनं माझंही प्यायलं.

मेकॅनिक आला, खाली झोपला, एक प्लग काढून दाखवला. त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. म्हणाला, "मॅडम, गाडी भरतीच्या पाण्यात अडकली होती का?"

मी त्याला विचारलं, आम्ही समुद्राकाठची माणसं म्हणून आम्हाला भरती कळत नाही, असं वाटतं का तुला? गाडी कधी पाण्यात उतरलेलीच नाही. तो हत्यारं आवरायला लागला. माल खराब देऊन दोष ग्राहकावर ढकलायचा. हे सगळीकडे असंच.

१० मार्च

प्लग बदलून मिळाला. गाडी धावते. नजर लागली होती म्हणून जिवलीमावशीनं दोन बादल्या जास्त ओतल्या, समोरून, पाठीमागून आणि खालून.

मितेशनं ओट्यावरून पाहिलं आणि "अगं..." म्हणाला. त्याच वेळी मला पत्रकाराचा फोन आला.

१६ मार्च

डहाणूच्या वाचनालयात व्याख्यान. विषय त्यांनीच दिला होता: वीज, संकरित आणि पेट्रोल, वाहनांचं भवितव्य. हॉल भरला होता. मी तयारी कडक केली होती.

म्हणाले, दुचाकींची लढाई वीज जिंकत आली आहे. तीनचाकींची जिंकेलच. शहरातली बस जिंकेल, कारण ती रोज त्याच रस्त्यानं जाते आणि रात्री त्याच आगारात झोपते. विजेला नेमकी हीच शिस्त आवडते. महामार्गावरचा अवजड ट्रक आणि खोल समुद्रातली बोट इथे डिझेल अजून काही वर्षं तग धरेल, ह्याचं मला दुःख आहे, पण मी खोटं बोलणार नाही. आणि हायब्रिड? हायब्रिड म्हणजे दोन्ही डगरींवर हात. पेट्रोल सुटत नाही, विजेवर भरवसा नाही. ज्याला ठरवता येत नाही त्याची गाडी. इथे टाळ्या पडल्या.

मग आमची गाडी सांगितली. पाच बायका, एक भावजय आणि एक हौदा. लोक हेलावले. मला दिसलं ते.

प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी, वीज मंडळातले निवृत्त असावेत, अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, मासळीचा चिकटा जातो कसा? गाडी कशानं धुता?"

मी अभिमानानं सांगितलं, समुद्राच्या पाण्यानं, रोज, होडीसारखी, पोटाखालूनसुद्धा.

 मग आधी एक जण हसला, मग रांग, मग अख्खा हॉल. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. काहीतरी सांगायला उभे राहिले. पण अध्यक्षांनी आभार मानून टाकले.

कोळणीच्या साधेपणावर हसायची ही शहरी सवय. ज्या पाण्यातून तुमच्या ताटातला पापलेट आला, त्या पाण्याचं नाव घेतलं की हसू येतं. परतीच्या रिक्षात मी पिशवी सीटवर आपटली. चालक म्हणाला, "ताई, पिशवीत मासळी नाही ना?"

१७ मार्च

अजून ऐकू येतं ते हसू.

२१ मार्च

गाडी मेली. बंदरावरच, टोपल्या चढवताना. ह्या वेळी प्लग नाही, खालची सगळी वायरिंग गेली. मेकॅनिक आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. रुपलकडे बघून म्हणाला, "खारं पाणी. पहिल्या दिवसापासून."

मी ओट्यावर येऊन बसले. मितेश जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, "बोटीची बॅटरी आम्ही प्लास्टिकच्या पिंपात झाकून ठेवतो, ताई. नाहीतर आठ दिवसांत खाऊन टाकतं मीठ."

"तुला माहीत होतं?"

"होतं. पण नव्या गाडीला काही वेगळी सोय असेल असं वाटलं. तू एवढं वाचलेली. दोनदा विचारायला आलो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

त्यानं जाळ्याची गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

२४ मार्च

टोपल्या पुन्हा रिक्षाच्या मागे दोरीनं. आज एका रिक्षावाल्यानं जिवलीमावशीला आशागडच्या फाट्यावर उतरवलं. आतले दोन प्रवासी तक्रार करत होते. ती टोपली डोक्यावर घेऊन चालत गेली. घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझी गाडी बरी होती. बंद पडली तरी उतरवत नव्हती."

'तुझी' म्हणाली. आपली नाही.

एकदा शेवटची दुरुस्ती करून द्यायला शोरूमवाला तयार झाला. अट एकच, गोड्या पाण्यानंच धुवायची. समुद्राच्या गावात गोड्या पाण्याची अट. मी अर्ज लिहायला घेतला आहे. जलवाहिनी, टाकी, मंजुरी. विजेच्या वाहनांचं धोरण पाण्याच्या धोरणाशिवाय पोकळ आहे, हे राज्याला कोणीतरी सांगायला हवं. मी सांगेन. पण आज रात्री काय करायचं ते धोरणात नाही.

२८ मार्च

गाडी सुरू होऊन तीन दिवस झाले. धुण्याचं काय करतेस म्हणून रुपलला विचारलं. म्हणाली, "करते." तिचं 'करते' म्हणजे पुढे विचारू नका. मी विचारलं नाही. अर्ज पूर्ण करायचा होता.

वेणू तीन दिवस आमच्या गाडीतून आशागडपर्यंत जाते आणि तिथे उतरते. संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परत येते. कुठे जाते विचारलं तर म्हणते, "नातेवाईकांकडे." आशागडला तिचे नातेवाईक कधीपासून?

५ एप्रिल

सभा. माझ्याच ओट्यावर. प्रश्न असा: गाडी ठेवायची, तर रोज प्रत्येकीनं घरच्या पिण्याच्या पाण्यातला एक हंडा द्यायचा, की गाडी परत करायची? मी भाषण तयार केलं होतं. त्याग, सामूहिकता, पुढच्या पिढ्या. सुरुवात करणार तेवढ्यात जिवलीमावशी म्हणाली, "माझ्या घरी हंडा दोन, माणसं सात. गाडीला पाजू की नातीला, एवढं सांग, मग बोल."

मी भाषणाच्या कागदाची घडी घातली. 

मग रुपल उठली. ती सभेत कधी उठत नाही. म्हणाली, "हंडा नको कोणाचा. गाडी आशागडला धुते मी, फेरी संपल्यावर. मनिषभाऊंच्या विहिरीवर. त्यांची विहीर आटत नाही. जयश्रीवहिनी पाणी शेंदते, मी तिला वाटाभर मांदेली देते. गाडी स्वच्छ होऊन घरी येते."

"आणि वेणू?" मी विचारलं.

वेणूनं पदर तोंडाला लावला. रुपलनंच सांगितलं: आशागडला वेणूची टोपली आमच्या गाडीतून मनिषच्या टेंपोत जाते. पुढे तलासरीला टोपलीसकट वेणूला तो नेतो. येताना रिकामी टोपली तोच आणून सोडतो, तोवर गाडी धुऊन तयार असते.

म्हणजे माझ्या ओट्यावर मी जो लढा उभारत होते, तो ह्यांनी आठवड्यापूर्वीच मिटवला होता. विहिरीवर. मांदेलीच्या वाटीत.

मितेश दारातून म्हणाला, "म्हणजे आपली गाडी आता हायब्रिड, ताई. अर्धी वीज, अर्धं पेट्रोल." सगळ्या हसल्या. वाचनालयातल्या हसण्यासारखं नव्हतं ते. तरीही मी उठून आत गेले.

मला का सांगितलं नाही, म्हणून रुपलला स्वयंपाकघरात विचारलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मनिषभाऊंच्या विहिरीवर जाऊन पाणीवाटपावर बोलला असता. मग त्यांनी विहीर बंद केली असती."

खोटं आहे. मी फक्त आभार मानले असते. थोडक्यात.

७ एप्रिल

एक अडचण राहिलीच आहे, आणि ती नेमकी माझ्याकडे आली. गाडी बंद पडली त्या दिवसांत तलासरीच्या पाड्यांवर गुजरातच्या बाजूनं एक जण मोटारसायकलवर बर्फाचा डबा बांधून येऊ लागला. वेणूच्या सासूची गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली, वेणूची टोपली आता तलासरीच्या बाजारात पडत्या भावानं रिकामी होते. वेणूला ती परत हवीत, ह्याच आठवड्यातल्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या आत. जत्रेत जो तो पावसाळ्याचं सुकं भरून घेतो, त्यानंतर सुकी मासळी कोण विचारतंय. मनिष म्हणतो, मी रोज नेतो, पण पाड्यावर माणूस बाहेर आणायचं काम माझं नाही. वेणूचा आवाज बसलाय.

मनिषनं वेणूजवळ निरोप पाठवला: "तुमच्या अध्यक्षबाई येऊ देत. माझ्या टेंपोला ज्या आवाजानं शिव्या घातल्या, तो आवाज तलासरीत चालेल."

विनंती आहे की टोमणा, मला ठरवता येत नाही. पेट्रोलच्या टेंपोत बसून मासळी ओरडून विकायची? जन्मभर ज्याच्या विरोधात बोलले, त्याच्याच पाठीवर उभं राहून? माझं मत बदललेलं नाही. ज्या दिवशी तलासरीला चार्जिंग येईल, त्या दिवशी हा टेंपो मी स्वतः भंगारात घालीन. हे मी मनिषला सांगणार आहे.

९ एप्रिल

सांगितलं. तो म्हणाला, "घाला ताई. तोवर दार नीट लावा, निसटतं."

आशागडला आमच्या गाडीतून टोपली काढून त्याच्या टेंपोत ठेवली. जयश्री विहिरीवर रहाट ओढत होती. रुपलनं गाडी तिथे उभी केली. माझ्याकडे पाहिलंही नाही दोघींनी. त्यांचं काहीतरी कोणाच्या तरी सुनेबद्दल चाललं होतं.

तलासरीच्या अलीकडच्या पाड्यावर मनिषनं टेंपो थांबवला. मोटारसायकलवाला नुकताच येऊन गेला होता, रस्त्यावर बर्फाच्या पाण्याचा ओघळ दिसत होता. झोपड्यांची दारं उघडी, पण बाहेर कोणी नाही. मी टेंपोच्या हौद्यात उभी राहिले. हात वर केला आणि म्हणाले, "भगिनींनो..."

वेणू खालून फुसफुसली, "भगिनींनो नको गो. बोंबील म्हण."

मी बोंबील म्हणाले. मांदेली म्हणाले. करंदी, जवळा, सुके, ओले, वरोरच्या वेणूचे, तिच्या सासूचे. आवाज टेकडीला लागून परत आला. पुढच्या पाड्यावरचे कुत्रे भुंकले. मी आणखी चढवला.

"एवढं ओरडू नका," टेंपोच्या मागून कोणीतरी म्हणालं. "पोर झोपलंय."

एक बाई उभी होती, हातात ताटली. कधी आली कळलंच नाही. तिनं माझ्याकडे दुर्लक्ष करून वेणूला विचारलं, "सासू कशी आहे?" वेणूनं खुणेनंच सांगितलं, बरी आहे. बाईनं बोंबील उचलला, वास घेतला, परत ठेवला, दुसरा उचलला. मग ताटली भरून घेतली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या.

"त्या मोटारसायकलवाल्याचा बर्फ चांगला आहे," ती म्हणाली, "पण तो थांबत नाही. तुम्ही उद्या येणार का?"

ह्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. वीज, पेट्रोल, रस्ते, पाणी, हक्क. मनिषनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. वेणूनं खालून माझा पदर ओढला.

"येणार," मी म्हणाले.